वहीला हात लावण्याआधी हात धुणाऱ्या मिस्तरींना

मिस्तरी, सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, पण लाल कापडी पुठ्ठ्याची वही नक्की आठवेल. होळीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, घोटीला तुमच्या गॅरेजपुढे आमची सहाचाकी येऊन उभी राहिली. २००९ ची गाडी. वाशीला कांदा खाली करून लासलगावला रिकामी परत निघाली होती. कसारा घाट चढून वर आलो आणि केबिनमध्ये जळका वास यायला लागला. आमचे ड्रायव्हर काका म्हणाले, "ताई, ब्रेकच्या लायनरचा वास आहे. आणि चढाला तर माझा ब्रेकवर पायसुद्धा नव्हता." मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी मी गाडीत का बसले होते हे मला माहीत होतं आणि काकांनाही. त्यांच्यावर नजर ठेवायला.

हे लिहायला जड जातंय, पण हे लपवून तुमचे आभार मानता येणार नाहीत.

दिवाळीपासून गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं होतं. टाकी फुल ते टाकी फुल मोजून जी गाडी लिटरला ४.९ द्यायची, ती ४.१ वर आली. लासलगाव ते वाशी जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर. म्हणजे एका फेरीला १८ लिटर जादा, सोळाशे रुपये. आठवड्याला दोन फेऱ्या. कांद्याच्या भाड्यात एवढी जागा कुठे असते? गाडीचे हप्ते फिटलेत, पण विमा, दरवर्षीचं पासिंग, टायर, टोल यातलं काहीच थांबत नाही.

त्यात १८ लिटर म्हणजे जवळजवळ एक कॅन. संशयाला याहून सोयीचा आकडा नाही.

तुमच्या आधी तीन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्याने इंजिनाचा डिझेल पंप खोलला, नोझल बदलले, बावीस हजार घेतले. दुसऱ्याने आणखी काही बदललं आणि "जुनी गाडी आहे, विकून मोकळ्या व्हा" असा सल्ला दिला. तिसऱ्याने गाडीला हातही लावला नाही. काका चहा आणायला गेल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही ताई. डिझेल कुठे जातं ते ड्रायव्हरला विचारा." या तिघांनाही मी वही दाखवायला गेले होते. एकाने तिच्यावर काढलेला नोझल ठेवला. त्याचं काळं वर्तुळ अजून पानावर आहे. त्या पानावर माझ्या वडिलांचं अक्षर आहे, मिस्तरी.

वही त्यांनीच सुरू केली होती. गाडी घेतली त्या दिवसापासून प्रत्येक वेळचं डिझेल, किलोमीटर, भरलेली की रिकामी, आणि समासात गाडीचं जे काही काम झालं ते. ते गेल्यावर मी तशीच पुढे चालू ठेवली. काका गाडीवर तेव्हापासूनच आहेत. मी शाळेत असल्यापासून त्यांना काका म्हणते. आणि तरी मी टाकीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. काकांनी विचारलं नाही. पंपावर पोचलो की गाडीतून उतरून बाजूला जाऊन उभे राहायचे, एवढंच.

तर त्या दुपारी तुम्हीही तेच सांगाल या भीतीने मी कसंबसं म्हणाले, "अ‍ॅव्हरेज पडलंय. लिहून ठेवलंय सगळं." तुम्ही माझ्या हातातल्या वहीकडे बघितलंत, मग स्वतःच्या हातांकडे. आणि "थांबा जरा" म्हणून ड्रमपाशी गेलात. आधी रॉकेलने बोटं पुसलीत, मग साबणाच्या पावडरीने कोपरापर्यंत हात धुतलेत. गॅरेजातलं फडकं तेलकट म्हणून ते घेतलं नाहीत, सदऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला हात कोरडे केलेत. मग दोन्ही हातांनी वही घेतलीत आणि खाटेवर बसून पहिल्या पानापासून चाळलीत. माझ्या वडिलांच्या पानांवर थांबलात. "अक्षर छान आहे," म्हणालात.

तेवढ्यानेच मला भरून आलं होतं. गाडी दुरुस्त व्हायची होती अजून, आजार कळायचा होता, पण चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी आमच्याकडे चोर आणि अडाणी यांच्या पलीकडची माणसं म्हणून बघितलं.

मग तुम्ही दोन पानांवर बोट ठेवलंत. जानेवारीत काका मुलीच्या लग्नासाठी अकरा दिवस सुट्टीवर होते आणि माझा मावसभाऊ गाडी चालवत होता. त्या तिन्ही फेऱ्यांना ४.१, ४.०, ४.१. माझ्याच हाताने लिहिलेलं, मला कधी दिसलं नाही. आणि दुसरं पान वसुबारसेचं. समासात "मागचे लायनर बदलले". त्याच्या वर सगळीकडे ४.९, ४.८. खाली सगळीकडे ४.१.

"पंप बिघडला असता तर धूर काळा आला असता," तुम्ही म्हणालात आणि काकांना हाक मारलीत. लिंबाखाली उभे होते ते. त्यांना बोलावून, माझ्यासमोर, गॅरेजातल्या पोरांसमोर विचारलंत, "गाडी कशी वाटते हो तुम्हाला?" काका म्हणाले, "उताराला सोडली तरी मोकळी होत नाही. कोणीतरी मागून धरल्यासारखी पळते. दिवाळीपासून सांगतोय." खरंच सांगत होते. मलाच सांगत होते.

पुढचं काम मला नीट सांगता येणार नाही. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला गेलात तर फिरेना, हे मी पाहिलं. मागचे दोन्ही ब्रेक लावल्यावर परत सुटत नव्हते. ब्रेक दाबणाऱ्या कॅमचे बुश सुकून जाम झालेले, स्प्रिंगा ढिल्या, आणि वरून ज्याने लायनर बदलले त्याने ब्रेक आणखी आवळून दिलेले. नवे लायनर चार महिन्यांत निम्मे झिजून काचेसारखे चमकत होते. म्हणजे आमची गाडी चार महिने ब्रेक दाबून पळत होती. लायनर तापले की पकड सोडतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नऊ टन कांदा भरून काका आठवड्यातून दोनदा, रात्रीचा कसारा घाट उतरत होते, त्याच ब्रेकवर. आणि मी किल्ल्या मोजत होते.

निघताना तुम्ही मोठ्याने म्हणालात, "यात ड्रायव्हरचा काही संबंध नाही बरं का." मी विचारलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं. तरी तुम्ही ते म्हणालात, काकांना ऐकू जाईल असं. सामान आणि मजुरी मिळून चौदाशे रुपये घेतलेत.

हायवेवर खूप लोक भेटतात. पंक्चर नसताना पंक्चर दाखवणारे भेटतात, आणि रात्री गाडी बंद पडली तर अनोळखी ड्रायव्हरसाठी आपली गाडी बाजूला घेऊन सकाळपर्यंत थांबणारेही. वडील म्हणायचे, धंदा या दुसऱ्या लोकांच्या भरवशावर चालतो. मी ते ऐकून सोडून द्यायचे. आता नाही सोडून देत.

घरी आल्यावर टाकीचं कुलूप काढलं आणि काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, चहा टाक." गाडी परवा ४.८ वर आली. वहीत ते काकांनी लिहिलंय, मी त्यांनाच लिहायला लावलं.

येत्या मंगळवारी काका भरलेली गाडी घेऊन तुमच्या दारात थांबतील. उन्हाळ कांद्याची एक गोणी उतरवतील, ती परत पाठवू नका. चांगला वाळलेला माल आहे, पण गोणीत तसाच ठेवू नका. सावलीत, वारा लागेल असा पसरून ठेवा, दिवाळीपर्यंत टिकेल.

तुमची,
लाल वहीवाली ताई