ग्लासगोहून निखिलला

ग्लासगो,
रविवार

प्रिय निखिल,

टीव्हीवाल्यांनी तुला किस्से सांगायच्या ऑडिशनला बोलावलंय हे मला आईकडून कळावं? ते भांडण नंतर. सातारी बोली जरा कमी करा म्हणाले आणि तू दोन दिवस तोंड पाडून बसलायस म्हणे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय.

आमच्या ग्लासगोचा विनोदवीर बिली कॉनोली तुला माहीत असेल. क्लाइड नदीकाठच्या गोदीत हा वेल्डर होता. मग बँजो घेऊन लोकगीतं गायला लागला. गाण्यांच्या मधल्या गप्पाच लांबत गेल्या आणि गाणी मागे पडली. स्कॉटलंड गाजवलं, पण इंग्लंडात त्याला कोण विचारतो? टीव्हीवरचा मुलाखतकार मायकेल पार्किन्सन सांगायचा की इथल्या एका टॅक्सीवाल्याने त्याला कॉनोलीबद्दल सांगितलं आणि रेकॉर्ड हातात दिली. 1975 मध्ये त्याने कॉनोलीला बीबीसीवरच्या आपल्या शोमध्ये बोलावलं. ती मुलाखत परवा पुन्हा पाहिली.

लांब केस, दाढी, आणि बोलणं थेट इथल्या गल्लीतलं. मॅनेजरने एक जोक सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. पठ्ठ्याने नेमका तोच सांगितला. (एवढा भाग आईला वाचून दाखवू नकोस.) एकजण मित्राला म्हणतो, बायकोला मारून टाकलं, खोटं वाटत असेल तर चल बघायला. चाळीच्या मागे मातीचा ढिगारा, त्यातून बाईचं ढुंगण तेवढं वर आलेलं. हे का बाहेर ठेवलंस रे? तर म्हणतो, मग सायकल कुठं लावू?

मला हा जोक आवडत नाही. आज कुणी सांगितला तर मी उठून जाईन. पण सांगणारा बघ. घाई नाही, लंडनच्या लोकांना कळावं म्हणून जीभ वळवणं नाही. पार्किन्सनलाही हसू आवरत नाही. त्या एका रात्रीत तो देशभर पोचला. पार्किन्सनने पुढे त्याला कितीतरी वेळा बोलावलं. अमेरिका, सिनेमे वगैरे नंतरचं. 2017 मध्ये तो 'सर' झाला, आणि पंचाहत्तरीनिमित्त गावात त्याची भलीमोठी चित्रं इमारतींवर रंगवली गेली. डिक्सन स्ट्रीटवरचं माझ्या कामाच्या वाटेवरच रंगवलं होतं.

तू म्हणशील, बघ ताई, त्याने कुणाचं ऐकलं नाही! अरे, पण त्या रात्रीआधी दहाएक वर्षं तो क्लबांतून लोकांसमोर उभा राहत होता. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं, हे अंगात मुरलं होतं. तुझा एसटी स्टँडचा किस्सा मला आवडतो, पण अजून चार मिनिटं जास्त आहे. ती आधी काप. बोलीला मात्र हात लावू नकोस. त्यातला कंडक्टर प्रमाण मराठीत बोलायला लागला तर किस्सा तिथेच संपला.

रेकॉर्डिंग करून पाठव, वेळ लावून ऐकते. आणि बाबांची बीपीची गोळी रोज होतेय का, ते खरं खरं कळव.

तुझी,
ताई