गुड्डी, तुझे ते धडे मी उघडले

मिरज, रविवार

प्रिय गुड्डीस,
अनेक दुवा.

फोनवर तू दोन शब्द बोलतेस आणि "अब्बा, क्लास आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसलो. घरात बोलतो ती बोली मला लिहिता येत नाही. शाळेत मराठीच लिहायला शिकलो, तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं वाटलं तर चालवून घे. चाचांचा पोरगा फोटो काढून तुला पाठवेल.

ईदनंतर तू निघालीस तेव्हा स्टेशनवर जे झालं ते मी उकरून काढणार नाही. कोयना एक्स्प्रेस लागली होती, माणसं बघत होती आणि तू कानावरचा हेडफोन काढायला तयार नव्हतीस. "मी काय शिकते ते तुम्हाला माहीत नाही, नुसते ओरडता, आधी स्वतः करून बघा," असं म्हणालीस आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या मोबाईलवर ते पाश्चात्य संगीताच्या थिअरीचे धडे लावून दिलेस. एवढ्या रागातसुद्धा लावून दिलेस. अम्मीला सांगितलं तर म्हणाली, तुमच्यावरच गेलीय.

तर मी ते केले. रात्री आपल्या तानपुऱ्यांच्या दुकानाचं शटर ओढलं की चष्मा लावून बसतो.

पहिला धडा पाच रेघांचा. ठिपका रेघेवर बसला की वेगळा स्वर, दोन रेघांच्या फटीत बसला की वेगळा. मधला सी वरच्या आणि खालच्या पाच-पाच रेघांच्या जुडग्यांच्या मधोमध, स्वतःची छोटी रेघ घेऊन एकटाच उभा. आधी वाटलं, एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे सरळ सा रे ग म लिहितात. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, संपलं. पण दोन-तीन धडे झाल्यावर ध्यानात आलं की आपल्या लिहिण्यात कुठला स्वर ते कळतं, पण चाल वर निघाली की खाली उतरली ते डोळ्याला दिसत नाही. यांच्या रेघांत ते दिसतं. हे मला पटलं, आणि पटलेलं लपवणारा मी नाही.

शिवाय त्या धड्याला राग येत नाही. उत्तर चुकलं की बटण लाल होतं, पुन्हा विचारतं. कितीही वेळा चुका, तेवढ्याच थंडपणानं विचारतं. तुझ्या दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताखाली शिकलेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. ते एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा कानस हातातून काढून घ्यायचे.

सी म्हणजे पांढरी एक, ए म्हणजे पांढरी सहा, बी फ्लॅट म्हणजे काळी पाच, असं दुकानाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय. गिऱ्हाईक येतं ते "काळी एकचा तानपुरा पाहिजे" म्हणतं. "सी शार्प" म्हणणारी पोरं आता आता यायला लागली. आपला सा आपण बसवू तिथे बसतो. यांचा ए म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, जागेवरून हलायचं नाव नाही. पण मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल आणि साधं मायनर म्हणजे आसावरी थाट, हे कळल्यावर मला ते घर ओळखीचं वाटायला लागलं.

शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे स्वर अर्ध्यानं चढवायच्या-उतरवायच्या, खुणा सुरुवातीला लिहितात, त्यावर मात्र बरेच दिवस अडलो. जी मेजरला एकच शार्प, तोही एफवरच का? धडा म्हणतो, पाठ करा. मी पेटी घेतली. पांढरी एकचा सा सोडला आणि पंचमाला सा मानून बिलावल वाजवायला गेलो, तर जुना शुद्ध मध्यम चालेना. तो तीव्र केला तेव्हा कुठे नवा निषाद जागेवर बसला. तीच ती शार्प! आणखी एक पंचम वर गेलं की आणखी एक. हे कळलं तेव्हा रात्री उशीर झाला होता, नाहीतर तुला तेव्हाच फोन लावला असता.

आता कानाच्या धड्याबद्दल.

दोन स्वर वाजतात आणि ओळखायचं, मधलं अंतर कुठलं. बाकी धड्यांत माझे निम्मे मार्क जातात, यात फारसे जात नाहीत. पोटाला याच कामानं घातलंय. पण तो मेजर थर्ड, म्हणजे आपला सा-गंधार, म्हणून जो वाजवतो तो मला चढा लागतो, दर वेळी. तूच मागे आकडे सांगितले होतेस: सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप, सप्तकाचे १२०० सेंट, बारा सारखे वाटे केले की गंधार ४०० वर येतो आणि आपला शुद्ध गंधार ३८६ वर. पंचमात एवढी भानगड नाही, ७०२ आणि ७००. तेव्हा मी नुसतं हं हं केलं होतं. आता तानपुऱ्याची खर्जाची तार छेडून बसलो आणि त्या तारेतून आपोआप बोलणारा गंधार ऐकला, मग मोबाईलमधला ऐकला. चौदा सेंट म्हणजे काय ते आकड्यानं नाही कळत.

आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही, त्यामागे पेटीतलाही हाच चढा गंधार हे एक कारण होतंच. त्याही आधी आपल्या शेजारी सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल गवई अब्दुल करीम खाँसाहेबांना बसवून श्रुती मोजत होते, १९१० साली त्यांचं पुस्तक निघालं. खाँसाहेबांचा तानपुरा आपल्याच गल्लीत जुळवला जायचा. त्या गल्लीतल्या मुलीनं रोज दोन-दोन तास मोबाईलचा चढा गंधार कानात ओतून घ्यायचा आणि तोच खरा मानायचा, म्हणजे मग उद्या तानपुरा हातात आला की

बघ, सुरू झालो. अम्मी आतून म्हणतेय, पत्र लिहिताय की भाषण? माफ कर. तुला दोन्ही गंधार कळतात. तूच मला आकडे दिलेस, आणि मी तेच तुला शिकवतोय. पियानोला बारा सुरांत सगळी दुनिया फिरायची असते, म्हणून तो थोडं थोडं सगळीकडे सोडतो, हेही तूच सांगितलं होतंस.

मला कुठला गंधार चढा यापेक्षा तो किती मोठ्यानं ऐकतेस याची भीती आहे. ईदला आलीस तेव्हा तू माळ्यावर बसलेली आणि मला खाली ठोका ऐकू येत होता. हेडफोन कानावर असताना बाहेरच्याला ऐकू येतं, तर आत काय होत असेल?

तुला आठवत नसेल, तू पहिलीत होतीस. मंगळवेढ्याकडून भोपळ्यांचा टेंपो आला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तू भोपळ्यांच्या मागे झोपलेली. मी एका बाईंचा तानपुरा जुळवत होतो, त्या हो हो करत होत्या, मीही दमलो होतो. तेवढ्यात भोपळ्यांमागून आवाज आला, "अब्बा, जोडातली एक तार उतरलीय." त्या बाई हसल्या. मी तारेवरचा मणी जरा सरकवला आणि त्या हसायच्या थांबल्या. तुझ्या दादांनी त्या दिवशी कुणाला काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी तुला कानस हातात धरायला दिली. मुलीच्या हातात. गल्लीत त्यावर बोलणं झालं होतं. तुला ते कधी कळू दिलं नाही.

दादा जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवायला, बसले की समोरचा चहावाला टेप बंद करायचा, कुणी न सांगता. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, सूत सरकवायचं, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. कधी कधी अख्खा दिवस. मापाची पट्टी नाही, मशीन नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पेपरात फोटो आले, चांगलंच झालं. पण जवारी शेवटी कुणाच्या तरी कानानंच लागते.

हे तुला लिहायचं नव्हतं, पण चाचा सांगतीलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मागच्या महिन्यात कान तपासून आलो. एका छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. तुझ्या धड्यासारखंच. सुरुवातीला भराभर दाबत होतो. मग बराच वेळ काही वाजेना. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेच्या पलीकडे ती मुलगी काम करतच होती. म्हणजे वाजत होतं.

कागदावर रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत ठीक आहे, चार हजारांपासून खाली उतरलीय. वयानं होतं म्हणाले डॉक्टर, बोलणं ऐकायला अडचण नाही. खरंच नाही. खर्जातला गंधार अजून स्वच्छ येतो. पण जवारी खुलली की वर जी बारीक झळाळी येते, ती आता कधी येते आणि कधी मला आल्यासारखी वाटते. कानस मीच मारतो. शेवटचं ऐकायला चाचांना हाक मारतो. त्यांना वाटतं मी मान देतोय.

हे वाचून तू धंदा सांभाळायला परत ये असं मी म्हणत नाही. ते मी म्हणणार नाही असं तुझ्या अम्मीला कबूल केलंय. तू रेकॉर्डिंगचं शीक, पाश्चात्य संगीताच्या ग्रेडा दे. पाचव्या ग्रेडची थिअरी झाली की सहावीच्या वादनाला बसता येतं म्हणालीस, तर बस. नोकरीचं काय ते अम्मी विचारेल, मी नाही. परवा एक गिऱ्हाईक विचारत होतं, मुलगी काय करते. मी म्हटलं, दोन्हीकडचं संगीत लिहिते आणि वाचते. अजून थिअरीच चाललीय हे सांगितलं नाही. फुगवून सांगितलं असं म्हणशील, पण ते गिऱ्हाईक तुझ्याकडूनच तानपुरा जुळवून घेणार म्हणतंय.

फक्त कान. दवाखान्याच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणून लिहिलं होतं: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० झाला की चारच तास. दहानं वाढला की चाळिसाचे चार! मी ते वहीत उतरवून आणलं. तुझ्या मोबाईलमध्ये आवाजाची मर्यादा लावता येते म्हणे, चाचांच्या पोरानं माझ्यात लावून दिली. तूही लाव. दर तासाला कान मोकळे ठेव. झोपताना तर अजिबात नको. गेला की परत येत नाही, बेटा, त्याला औषध नाही, आणि तुझा कान म्हणजे

पुन्हा तेच. आता नाही लिहीत.

पैसे पाठवलेत, मेसच्या आधी खोलीचं भाडं दे. अम्मीनं लोणच्याची बरणी चाचांबरोबर दिलीय, ते गुरुवारी पुण्याला दोन तानपुरे पोचवायला येतायत. त्यातला छोटा जरा छेडून बघ आणि मला सांग, जवारी वर खुललीय का. चाचा हो म्हणाले, पण तू ऐक.

आणि माझी एक शंका. तीन-चार आणि सहा-आठ हे तिकडचे दोन ताल: तीन-चारमध्ये अर्ध्या अर्ध्या मात्रा मोजल्या की सहा होतात, सहा-आठमध्येही सहाच. मग दोन वेगळे ठेके कशाला? दादऱ्यासारखं तीन-तीन म्हणजे सहा-आठ आणि दोन-दोन-दोन म्हणजे तीन-चार, असं मी समजलोय, पण धडा माझं उत्तर कधी बरोबर म्हणतो, कधी लाल करतो. रात्री नऊनंतर फोन कर आणि टाळी देऊन दाखव. स्पीकरवर टाक, कानाला लावू नकोस.

तुझे,
अब्बा