६५० मार्कांची चिठ्ठी आणि आमच्या फ्रीजवरचे मोबाईल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अंतर्मनाची शक्ती वापरून आयुष्य कसं बदलायचं यावर अर्धं पान लेख आला होता आणि त्याच्या अगदी खाली त्याच विषयाच्या कार्यशाळेची जाहिरात, मंगल कार्यालयात, दिवसभर, जेवणासहित. लेख वाचून राग आला असं नाही, कारण त्यातलं निम्मं बरोबरच होतं. पण उरलेलं निम्मं कुणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. मी लातूरला ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवायचे, आता रिटायर आहे, वरच्या मजल्यावर नीटची पोरं भाड्यानं राहतात, त्यामुळं पुस्तकातलं आणि जिन्यातलं दोन्ही रोज बघायला मिळतं.

आधी जे बरोबर आहे ते. मनात जे सारखं घोळतं त्याचा अंगावर आणि वागण्यावर परिणाम होतो हे आपल्याकडं कुणाला सांगायची गरजच नाही, मन चिंती ते वैरी न चिंती हे आमच्या आजीला शाळेचं तोंड न बघता माहीत होतं. फ्रान्समधे एमिल कुए नावाचा एक औषधवाला होऊन गेला, १८५७ चा जन्म. त्याच्या लक्षात आलं की बाटली हातात देताना औषधाचं चार शब्द कौतुक केलं की गिऱ्हाइकाला जास्त गुण येतो, औषध मात्र तेच. पुढं नान्सी गावात त्यानं लोकांना एक वाक्य दिलं, दिवसेंदिवस मी सगळ्या बाजूंनी बरा होत चाललोय, आणि हे सकाळी उठताना नि रात्री झोपताना २० वेळा पुटपुटायचं, मोजायला २० गाठींची दोरी. म्हणजे जपमाळच की! आज जे कोच लोक कानाला माईक लावून स्टेजवर सांगायलेत त्यातलं बरंचसं शंभर वर्षांपूर्वी कुएनं सांगून ठेवलेलं आहे, फरक एवढाच की तो लोकांकडून पैसे घेत नव्हता.

कुएचं एक उदाहरण मी वर्गात हमखास सांगायचे. जमिनीवर एक फळी टाकली तर शेंबडं पोरगंसुद्धा तिच्यावरून चालत जातं, तीच फळी दोन उंच मनोऱ्यांच्या मधे ठेवली की मोठ्या माणसाचे पाय लटपटतात. फळीची रुंदी तेवढीच आहे. मनात पडायचं चित्र आलं की 'पडायचं नाही, पडायचं नाही' असं कितीही बजावलं तरी चित्रच जिंकतं. आमच्या पोरांचं टेस्टला असंच होतं, फिजिक्सचा पेपर उघडला की पहिला प्रश्न वाचायच्या आधी घरी वडलांना काय तोंड दाखवायचं हे डोळ्यासमोर येतं.

लक्षाचंही तसंच. १९९९ साली हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवला, पांढऱ्या शर्टवाले बॉल किती वेळा पास करतात ते मोजा म्हणाले, मधूनच गोरिलाचा ड्रेस घातलेलं माणूस येऊन छाती बडवून गेलं आणि जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. तेव्हा जिथं लक्ष ठेवाल तेच दिसतं ही गोष्ट खरी. दिवसभर व्हॉट्सॲपवर मढी आणि भांडणंच बघितली तर जगात दुसरं काही चाललंय असं वाटत नाही, हे मी स्वतःच्या नवऱ्याकडं बघून सांगू शकते. पण इथूनच कोच लोक एकदम उडी मारतात, म्हणतात मेंदूत आरएएस नावाचा भाग आहे, त्याला ऑर्डर दिली की तो तुम्हाला हवी ती गाडी, बंगला, नोकरी शोधून आणतो. अहो, १९४९ साली मोरुझी आणि मॅगून या दोघांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं ते एवढंच की हा भाग मेंदूला जागं ठेवतो. झोप आणि जाग सांभाळणाऱ्या भागाला यांनी पार कुरिअरच्या कामाला लावलंय.

आता जिन्यातलं सांगते. वरच्या खोलीत एका रिपीटर पोरानं पलंगासमोरच्या भिंतीवर चिठ्ठी चिकटवली होती, लाल स्केचपेननं, 'मला ६५० मार्क मिळाले आहेत, धन्यवाद ब्रह्मांड'. मिळणार आहेत नाही, मिळाले आहेत, कारण म्हणे अंतर्मनाला भविष्यकाळ कळत नाही. रात्री झोपताना डोळे मिटून तो पांढरा कोट घालायचा, गावात बॅनर लागलेलं बघायचा, आई रडतीय, सरपंच पेढे वाटतायत. आणि गंमत म्हणजे त्याला खरंच बरं वाटायचं. घोळ तिथंच आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात याच गोष्टीचा प्रयोग झाला आणि १९९९ साली तो छापून आला. परीक्षा जवळ आलेल्या विद्यार्थ्यांचे गट केले, एका गटानं रोज पाच मिनिटं चांगला ग्रेड मिळाल्याचं चित्र बघायचं, दुसऱ्यानं अभ्यास करतानाचं, म्हणजे कुठं बसलोय, टीव्ही बंद केलाय, नोट्स काढल्यात, असं. दुसऱ्या गटानं अभ्यास लवकर सुरू केला, जास्त केला, मार्कही जास्त घेतले. फळाचं चित्र बघणारे मागं राहिले. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या जर्मन बाई आहेत, त्यांनी तर आयुष्य घालवलंय यात. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना त्यांनी विचारलं, नोकरीची स्वप्नं कशी बघता, आणि दोन वर्षांनी परत गाठलं, तर ज्यांनी गुलाबी स्वप्नं जास्त रंगवली त्यांनी अर्जच कमी केले होते आणि पगारही कमी होता. वजन कमी करायला आलेल्या बायकांचंही तेच निघालं. पुढं २०११ साली त्यांनी आणखी एक दाखवलं, गोड कल्पना रंगवली की वरचं बीपी खाली येतं, अंगातली ऊर्जाच उतरते. मनाला वाटतं काम झालंच की, आता कशाला उठायचं. हां, एक मात्र नीट समजून घ्या, आपल्याला जमेल असा विश्वास, जो मागच्या अनुभवावर उभा असतो, तो कामाचाच निघाला, त्या लोकांचं चांगलंच झालं. विश्वास वेगळा आणि पलंगावर पडून बघितलेला पिक्चर वेगळा. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी असं आपले लोक कुणाला म्हणायचे ते आठवा.

त्या पोराला मी चिठ्ठी फाडायला लावली नाही. फक्त विचारलं की बाबा ६५० च्या आड नेमकं काय येतं. आधी म्हणला निगेटिव्ह थॉट्स. मी म्हणलं थॉट्स राहू दे, काल रात्री जेवल्यावर काय केलंस ते सांग. मग हळूच निघालं, मेसचा डबा खाल्ला की मोबाईल हातात येतो ते बारा वाजतात, आणि रोटेशनल मोशन हा चॅप्टर त्यानं अकरावीपासून उघडलेलाच नाही. झालं, हेच हवं होतं. चिठ्ठीच्या खाली दुसरी चिठ्ठी लागली, निळ्या पेननं, 'डबा धुतला की मोबाईल काकूंच्या फ्रीजवर, मग रोटेशनलचे दहा प्रॉब्लेम'. ह्याला जर-तर प्लॅन म्हणतात, जर हे झालं तर लगेच ते करायचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर पुष्कळ काम केलंय, आणि हे गृहस्थ ओटिंगेन बाईंचेच यजमान, म्हणजे बायको आड काय येतंय ते शोधायला सांगती आणि नवरा त्यावरचा उपाय बांधून देतो, संसार असावा तर असा. मला विचाराल तर अंतर्मन कामाला लावणं यालाच म्हणावं, कारण थोड्या दिवसांनी डबा धुतला की पाय आपोआप खाली वळतात, ठरवावं लागत नाही. आता रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या फ्रीजवर चार-पाच मोबाईल एकमेकांवर पडलेले असतात आणि एखादा थरथरत कडेला सरकतो, आमचे हे ओरडतात, पण ठेवतात नीट मागं सारून. निकाल अजून लागायचाय, त्यामुळं चमत्कार झाला असलं काही मी सांगणार नाही, रोटेशनल संपलं एवढं पोरानं येऊन सांगितलं.

आपल्या मराठवाड्याला हे नवं पण नाही. गंगाखेडची जनाबाई आठवा, तिचं नामस्मरण जात्यावर चालायचं, दळण थांबवून नव्हे. हात कामात आणि मन एका जागी. कार्यशाळेत मात्र जातं काढून टाकलंय आणि नुसतं पुटपुटणं ठेवलंय.

२१ दिवसांचं सुद्धा सांगून टाकते. २१ दिवसांत सवय लागते हे मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलेल्या गोष्टीतून पसरलं, त्याचं म्हणणं पेशंटला नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात एवढंच होतं. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी नंतर ९६ लोकांवर मोजलं तर सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. तेव्हा २२ व्या दिवशी आपलं काही बदललं नाही म्हणून रडत बसू नका.

आणि 'मी ग्रेट आहे, मी ग्रेट आहे' सगळ्यांनाच मानवत नाही. कॅनडात जोआन वुड यांनी २००९ साली दाखवलं की ज्यांचा स्वतःवर मुळातच भरवसा कमी आहे त्यांना 'मी प्रेम करण्यालायक माणूस आहे' हे परत परत म्हणायला लावलं तर त्यांना उलट जास्त वाईट वाटलं, कारण आतून लगेच आवाज येतो की खोटं बोलायलास. म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच हे औषध बाधतं. हे जाहिरातीत कोण छापणार?

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडं येते. मधे एका कार्यक्रमात (नाव नको) वक्त्यांनी समोर बसलेल्या शेतकऱ्यांना सांगितलं की तुम्ही दुष्काळ दुष्काळ म्हणता म्हणून दुष्काळ येतो, तुमची व्हायब्रेशन्सच लो आहेत. टाळ्या पण पडल्या. साहेब, एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना लातूरला, पहिल्या खेपेला १० टँकर, पाच लाख लिटर, ते काय आमच्या विचारांमुळं आलं होतं? पाऊस नव्हता, धरणात पाणी नव्हतं, जमिनीतलं उपसून उसाला घातलेलं होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा गणपती बुडवून दमूनभागून झोपलेल्या माणसांनी कुठला निगेटिव्ह विचार केला होता? सोयाबीनचा भाव पडला, आडत्यानं कटती लावली, पोरीचं लग्न तोंडावर, अशा माणसाला तुझं मनच खराब आहे असं सांगणं म्हणजे दुखत्या जागेवर काठी. त्या माणसाला काही मनाचं शिकवायचंच असेल तर एवढं शिकवा की आज आपल्या हातात काय आहे आणि काय नाही. विम्याचा फॉर्म हातात आहे, बँकेत जाऊन विचारणं हातात आहे, ढग नाहीत. सकारात्मक व्हा म्हणायचंच असेल तर ते इतपत असावं.

दुसरी गोष्ट दुखण्याची. मनाचा दुखण्यावर परिणाम होतो हे खरं आहे, २०१० साली हार्वर्डच्या टेड काप्चुक यांनी तर पोटाच्या पेशंटना, या गोळ्यांत औषध नाही असं तोंडावर सांगून गोळ्या दिल्या तरी बऱ्याच जणांना आराम पडला. वेदना, मळमळ, पोटातली कळ, इथं मन मदत करतं. पण रक्तातली साखर ही साखर आहे. ओळखीतल्या एका काकूंनी कार्यशाळेहून आल्यावर शुगरच्या गोळ्या बंद केल्या, स्वादुपिंडाला रोज 'धन्यवाद' म्हणायच्या, शेवटी पायाची जखम चिघळल्यावर लेकानं दवाखान्यात नेलं. आपल्या देशात १९५४ पासून औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, ठराविक रोग बरे करतो असं छापायला त्यात बंदी आहे, त्या यादीत डायबेटीस आहे आणि जादूच्या उपायांत मंत्रसुद्धा येतो. तुमच्या पानावरच्या जाहिरातीत 'मधुमेह, बीपी यापासून मुक्ती' असं बारीक अक्षरात होतं. कात्रण सोबत पाठवतेय, तुमच्या जाहिरात विभागाला एकदा दाखवा.

लेख छापू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. छापा, फक्त पुढच्या वेळी एखाद्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांचं पण दोन कॉलम घ्या आणि खाली चौकटीत टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचा, नंबर टाका, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. नीटच्या निकालाच्या आठवड्यात तर पहिल्या पानावर टाका, तेव्हा या गावात रात्री किती खोल्यांचे दिवे जळत असतात ते मी बघितलंय, आणि त्यातल्या बऱ्याच पोरांना असं वाटत असतं की मार्क कमी पडले कारण आपण मनापासून मागितले नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक, लातूर

ता.क. पत्र लांबलंय हे माहीत आहे, जागा कमी असली तर कुए आणि मांजरं कापा, १४४१६ कापू नका.