राजाबाई टॉवरची ओळख मराठीतूनही व्हावी

महोदय,

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील इमारती पाहण्यासाठी गेल्या महिन्यात एका वारसा फेरीत सहभागी झालो होतो. माहिती देणारी तरुणी अभ्यासू होती; परंतु सगळी फेरी इंग्रजीत झाली आणि आयोजकांनी आत जाण्याची परवानगी काढलेली नसल्यामुळे आम्ही वीसएक जण ओव्हल मैदानाच्या बाजूला उभे राहून, माना उंचावून ग्रंथालयावरचा घड्याळाचा मनोरा, म्हणजे राजाबाई टॉवर, पाहत राहिलो. माझ्या शेजारचे एक आजोबा मधूनमधून नातवाला विचारत होते, "आता काय म्हणाली रे ती?"

वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून या इमारतींचे आराखडे केले आणि ते मुंबईला कधी आलेच नाहीत, ही गोष्ट रंगवून सांगण्यात आली. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी दिलेली देणगी, टॉवरला दिलेले त्यांच्या मातोश्रींचे नाव, १८६९ ते १८७८ असे चाललेले बांधकाम, २८० फूट उंची हे सारेही आले. मात्र टॉवरवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या ज्या २४ मूर्ती आहेत, त्यांचे नमुने घडवणाऱ्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांचे नाव एकदाही निघाले नाही. या इमारतीला कुर्ल्याचा पिवळसर दगड वापरलेला आहे, हेही मला घरी येऊन वाचल्यावर कळले, आणि मी राहतो कुर्ल्यातच!

ओव्हलभोवतीच्या ज्या वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात या इमारतीही येतात. तेव्हा विद्यापीठानेच महिन्यातील एका रविवारी सकाळी मराठीतून फेरी ठेवावी आणि इतिहास व मराठी विभागांतील विद्यार्थ्यांना मानधन देऊन तिची जबाबदारी सोपवावी, अशी विनंती आहे. टॉवरवर चढू द्यावे असे माझे म्हणणे नाही. ग्रंथालयाचा जिना आणि दीक्षान्त सभागृहातील बारा राशींची वर्तुळाकार रंगीत काचेची खिडकी आतून पाहता आली, तरी पुष्कळ झाले. मी याच विद्यापीठाचा पदवीधर. पण पदवीचे प्रमाणपत्र महाविद्यालयाच्या खिडकीवर मिळाल्यामुळे ही खिडकी प्रथम पाहिली ती पन्नाशीत, एका व्याख्यानाच्या निमित्ताने. व्याख्यानाचा विषय आता आठवत नाही, छतालगतच्या त्या राशी मात्र आठवतात.

फेरीसाठी पन्नास-शंभर रुपये शुल्क ठेवले तरी लोक येतील. ते आजोबा तर नक्कीच येतील, आणि नातवाला घेऊन येतील.

आपला,
एक वाचक, कुर्ला