आमच्या आरडीवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार.

हे तोंडावर सांगायला गेलो असतो तर तुम्ही "असू द्या वो दादा, वहिनींस्नी हाक मारा, कार्ड पायजे" म्हणून विषय संपवला असता आणि पाच मिनिटात पायरी उतरून पुढच्या घरी. म्हणून लिहितोय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. गल्लीत तुमची ओळख 'आरडीवाल्या बाई', म्हणजे पोस्टाच्या आरडीचे, दर महिन्याच्या बचतीचे हप्ते घरोघरी फिरून कार्डावर लिहून नेणाऱ्या, एवढीच, आणि हल्ली काही शहाणे "आता मोबाईलवर सगळं होतंय की, कशाला ह्यांच्या हातात पैसे द्यायचे" असंपण बोलतात. बोलू देत.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होतो, मोल्डिंगला सुपरवायझर. 2024 ला कंपनीनं व्हीआरएस, म्हणजे स्वखुशीनं लवकर रिटायर व्हायची स्कीम काढली, माझं वय 55, गुडघे कुरकुरायला लागलेले, घरी वडिलांना एकट्यानं उठता येईना, म्हणून फॉर्म भरून टाकला. शाल, नारळ, फोटो सगळं झालं. त्या आठवड्यात भेटेल तो "आता आराम करा" म्हणायचा, इतक्यांनी म्हटलं की आराम शब्द ऐकला की डोकं सणकायचं. तुम्ही कार्ड न्यायला आला, मला भर दुपारी घरात बघितलं आणि एकच विचारलं, "फंडाचे कागद कुठायत?"

मी तर सगळी फाईल तुमच्या पुढ्यात टाकली. तुम्ही तुमच्या डायरीच्या मागच्या पानावर ग्रॅच्युइटी काढली, शेवटचा बेसिक आणि डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले झालेली वर्षं, आणि आकडा कंपनीच्या कागदाशी जुळल्यावर पेनाचं टोपण लावून म्हणाला, "हं, हे बरोबर हाय. आता पेन्शनचं बोलू." मला वाटत होतं प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन लगेच चालू करावी, घरात महिन्याला काहीतरी यायला पाहिजे ना. तुम्ही सांगितलं, 50 नंतर मिळते खरं, पण 58 च्या आधी घेतली तर जेवढी वर्षं आधी तेवढं वर्षाला 4 टक्क्यानं कमी, आणि ते कमी झालेलं पुन्हा वाढत नाही, जमत असेल तर थांबा. थांबलोय.

मग पोस्टातली सिनियर सिटिझनची बचत स्कीम. मला वाटायचं ती साठीनंतरची. तर तुम्ही म्हणाला, रिटायरमेंट घेतलेल्याला 55 लाच उघडता येतंय, फक्त पैसे हातात आल्यापासून तीन महिन्याच्या आत, कंपनीचं पत्र जोडून, आणि जेवढे रिटायरमेंटचे मिळाले तेवढ्यापर्यंतच. 8.2 टक्के, व्याज दर तीन महिन्याला खात्यात. पोस्टात माझ्यासोबत तुम्ही स्वतः आला, खिडकीवर मी व्याजातनं टॅक्स कापू नये म्हणून 15 एच फॉर्म भरायला लागलो तर मागनं हात घालून काढून घेतला, "एच न्हवं दादा, जी. एच साठ पुरी झालेल्यांचा. घाईनं म्हातारं व्हायचंय व्हय तुमाला?" खिडकीतला माणूससुद्धा हसला.

आता जी गोष्ट मला नंतर कळली ती इथं सांगतोच, कारण तुम्ही कधीच बोलला नाहीत. त्या स्कीमवर एजंटला कमिशनच नाही, 2011 च्या डिसेंबरपासून सरकारनं बंद केलंय. तुम्हाला मिळतं ते आरडीवर, 4 टक्के. म्हणजे पाचशेच्या आरडीमागं वीस रुपये, आणि त्या वीस रुपयासाठी उन्हातनं यायचं, "उद्या या, सुट्टे नाहीत" ऐकायचं, पंधरा तारीख चुकली की शंभराला रुपया दंड बसतो म्हणून कुणाकुणाचे स्वतःच्या पर्समधले भरायचे. माझ्या कामात तुमची अख्खी सकाळ गेली, ती फुकट गेली. आणि 2019 च्या पुरात तुमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही आधी लोकांची कार्डं आणि पासबुकं पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकली आणि मग घरातली भांडी बघितली, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

त्याच दिवसात एक पाहुणा घरी येऊन बसला होता, लांबचाच. महिन्याला पाच टक्के देणारा कुणीतरी त्याच्या ओळखीत होता. महिन्याला! चहा झाला, त्यानं मोबाईलवर गाडीचे फोटो दाखवले, माझंपण मन थोडं हललं होतं. तुम्ही कोपऱ्यात बसून वहिनींच्या कार्डावर सही घेत होता. तो गेल्यावर म्हणाला, "पोस्टात वर्षाला आठ देताना चार कागद मागत्यात. ह्यो महिन्याला पाच देतोय आणि कागद एकच, तोबी साधा." बास. पुढं मला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. मेडिक्लेमचंही तसंच, कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर सुटतो आणि मला शुगर, तर आधीच्या आजाराला तीन वर्षापर्यंत वेटिंग लावू शकतात, तोवर त्याचा क्लेम नाही, आज घ्याल तर वेटिंग लवकर सरेल म्हणून तुम्ही मागं लागून पॉलिसी काढायला लावलीत.

पण ताई, पैशाचं काम कुणी सीएनंपण केलं असतं, फी घेऊन. खरं थँक्यू पुढच्या गोष्टीचं आहे.

तुमच्या वहिनी, म्हणजे माझी बायको, ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात, सोप्यात, बाहेरच्या खोलीत, मशीन. मी नोकरीत असताना दुपारी घरात काय चालतं ते मला कधी दिसलंच नव्हतं. रिटायर झाल्यावर मी त्याच सोप्यात, मशीनच्या समोर, बनियनवर, टीव्ही लावून. बातम्या, मग जुनी मॅच, मग परत बातम्या. घर माझंच की. एक दिवस कार्ड घेऊन निघताना तुम्ही चपला पायात सरकवत, आवाज खाली घेऊन म्हणाला, "दादा, रागावू नका. दोन ते पाच तुम्ही हितं बसू नका. बायका माप द्यायला येत्यात, तुमाला बघून उंबऱ्यावरनंच 'मागनं येतो वो वहिनी' म्हणून जात्यात. दोघी तर दुसरीकडं टाकायला लागल्यात. वहिनी तुमाला सांगणार न्हाईत, म्हणून मी सांगतो."

मी काही बोललोच नाही. तुम्ही दोन पायऱ्या उतरला आणि मागं वळून आणखी एक टाकलं, "कंपनीत नवीन माणूस लागला की तुम्ही त्याला पहिल्या दिवशी काय सांगत होता?"

मी सांगायचो, आठ दिवस हात लावू नको, फक्त बघ.

मग बघायला लागलो. पोरगी कॉलेजातनं आली की आधी आईजवळ मशीनपाशी अर्धा तास बसते आणि त्या अर्ध्या तासात दोघी जे बोलतात ते मी खोलीत आलो की थांबतं. वडिलांना साडेतीनला तहान लागते पण ते हाक मारत नाहीत, नुसता तांब्या वाजवतात. वहिनींचा दुपारचा जेवायचा टाइम म्हणजे गिऱ्हाइकातली फट, कधी तीन, कधी चार. मी मोल्डिंगला चाळीस माणसांची शिफ्ट लावत होतो, ह्या बाईनं एकटीनं किती वर्षं किती शिफ्टा चालवल्या त्याचा हिशोब मांडायला गेलो आणि सोडून दिला.

टीव्ही वडिलांच्या खोलीत गेला. सकाळची कपिलतीर्थची मंडई माझ्याकडं आली, सुरवातीला भाजीवाल्या मावशींनी मला चांगलंच गिऱ्हाइक केलं पण आता त्याच "दादा, मेथी आज नको, उद्या चांगली येतीय" म्हणून सांगतात. वडिलांची दाढी-आंघोळ माझी, आणि त्यांना बरं वाटत असलं की संध्याकाळी रिक्षानं गंगावेशला दूध कट्ट्यावर नेतो, समोर धार काढलेल्या म्हशीच्या दुधाचा ग्लास, वर फेस, ओठावर पांढरी रेघ, आणि मग परत येईपर्यंत खासबागेतल्या कुस्त्या तोंडानं चालू. एवढी वर्षं ह्या माणसाबरोबर राहिलो पण त्यांचं हे बोलणं मी नीट ऐकलं ते आत्ता.

रात्री जेवणं झाल्यावर मी हुक लावतो. हसू नका, शिकलो. आधी हुक, मग काज, आता साडीला फॉलसुद्धा, हातशिलाईनं. फौंड्रीतल्या बोटांना सुई सापडायचीच नाही, वहिनी दोरा ओवून द्यायच्या आणि टाका मोठा पडला की न बोलता उसवून परत हातात द्यायच्या. आमच्याकडं रिजेक्शन काढताना एवढी शांतता कधी नव्हती. आणि त्या तासाभरात आम्ही दोघं जेवढं बोलतो तेवढं लग्नानंतर कधी बोललो असू असं मला वाटत नाही, विषय म्हणाल तर काही नाही, कुणाचा गळा मोठा, कुणाची बाही घट्ट.

राहिले दोन ते पाच. तेपण तुम्हीच लावून दिलंत. नोव्हेंबर आला, पेन्शनवाल्या म्हाताऱ्या माणसांची हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग, आणि तुम्ही म्हणाला, मोबाईलवर चेहरा दाखवून होतंय की आता, तुम्हाला येतंय ना मोबाईल, चला. पहिले आजोबा, ऐंशीच्या पुढचे, टोपी नीट करून भिंतीला टेकून असे ताठ बसले जसं स्टुडिओत फोटो काढायचाय. अ‍ॅप सांगतंय पापणी मिटा. आजोबा मिटेनात. "आजोबा, डोळं मिटा एकदा." "फोटोत डोळं मिटलेलं येतील की." तीनदा फेल. शेवटी आजी आतनं ओरडल्या, "ते जित्ते हायत का बघाय लागल्यात, मिटा की वो!" आणि आजोबांनी हसता हसता डोळे मिटले आणि दाखला पास. मी कंपनीत एका हाळीत काम करून घेणारा माणूस, त्या घरात तासभर बसलो, दोनदा चहा प्यायलो आणि मला एकदाही घाई झाली नाही. आता वर्षभर कुणाचं ना कुणाचं असतंच, फंडाच्या पेन्शनवाल्यांना दाखला कधीही देता येतो आणि तिथनं बारा महिने चालतो, त्यामुळं माझी दुपार रिकामी नसते. दोन ते पाच सोप्यात बायकांचा गलका असतो, आणि दुसरीकडं गेलेल्या दोघी परत आल्यात.

तर ताई, थँक्यू. लई मनापासून.

आणि हो, दोन कामं. तुमची ती जांभळी साडी, फॉल लावून तयार आहे, पैसे घेणार नाही, त्यावरनं दारात वाद घालू नका. दुसरं, पोरीला पहिला पगार झालाय, तिला हजाराची आरडी काढायची आहे आणि ती पोस्टात एकटी जाऊन काढणार नाही म्हणतीय, ताईंकडंच काढणार. येताना फॉर्म घेऊन या, आधार आणि दोन फोटो काढून ठेवलेत.