पाऱ्याचा प्रश्न विचारा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

तळहात-तळपाय गुलाबी होऊन सोललेले, अंग घामाने चिंब, उजेड नकोसा, रात्ररात्र झोप नाही आणि रक्तदाब वयाच्या मानाने फारच वाढलेला. असे मूल आले की आम्ही बालरोगतज्ज्ञ कावासाकी आजार तपासतो, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ शोधतो. पारा सहसा कुणाला सुचत नाही, कारण अ‍ॅक्रोडायनिया हा पाऱ्याच्या विषबाधेने मुलांना होणारा आजार आम्ही इतिहासजमा म्हणूनच शिकलेलो असतो.

एके काळी दात येणाऱ्या बाळांना कॅलोमेलची, म्हणजे पाऱ्याच्या क्षाराची पावडर सर्रास दिली जाई. आजाराचे कारण मात्र कुणी जंतुसंसर्ग सांगे, कुणी जीवनसत्त्वांची कमतरता. १९४०च्या दशकात वॉर्कनी आणि हबर्ड या डॉक्टरांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या उत्पादकांनी पावडरीतून कॅलोमेल काढले आणि आजार झपाट्याने ओसरला. ओसरला, संपला नाही. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये तो चार वर्षांच्या मुलाला झाला. घराला आतून दिलेल्या ताज्या रंगात बुरशी रोखण्यासाठी पाऱ्याचे संयुग घातलेले होते!

आज पहिला संशय गोरेपणाच्या क्रीमवर घ्यावा लागतो. क्रीम लावते आई. पारा तिच्या हातांवरून, टॉवेल-उशीवरून मुलापर्यंत जातो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने अशा क्रीमला मनाई केली, तरी ती विकली जातात आणि पुष्कळदा वेष्टनावर पाऱ्याचा उल्लेखही नसतो. म्हणून आईला दोषी धरणारी चौकशी नको. तिने डबी लपवली तर नुकसान मुलाचेच.

माझी मागणी साधी आहे. अशी लक्षणे असलेल्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर घरातली क्रीम, रंग, घरगुती औषधे आणि फुटलेले थर्मामीटर यांचा प्रश्न छापलेला असावा. लघवीतल्या पाऱ्याची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. निदान झाले की नोंद सक्तीची करावी आणि आरोग्य पथकाने घरी जाऊन उगम शोधावा, भावंडांचीही तपासणी करावी. शरीरातला पारा बाहेर काढणारी औषधे आहेत, पण उगम घरातच राहिला तर ती देऊन काय उपयोग? तो सापडेपर्यंत मुलाला त्या घरी परत पाठवू नये, एवढा आदेश तरी आपण तातडीने काढावा.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ