बटाट्यावर लाल फुली कशासाठी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला 'पोट भरा, वजन उतरवा' छापाचा लेख वाचला आणि आज सोमवारी रात्री दुकान आवरून साडेदहाला हे लिहायला बसले आहे, कारण दिवसभर डोक्यातून गेलं नाही. 'कमी कॅलरी' असा मथळा दिलेल्या हिरव्या चौकटीत तुम्ही अ‍ॅव्होकाडो, किनोआ, चिया, बदाम वगैरे मंडळी बसवलीत आणि लाल चौकटीत पहिलंच नाव बटाटा, वर फुली.

माझं कोथरूडला पोळी-भाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. सोमवारी आमच्याकडे बटाट्याची पिवळी भाजी असते आणि एरवी दीडपर्यंत पातेलं पुसून घ्यावं लागतं. आज अर्धं पातेलं उरलं. एक ताई नेहमी येतात, ऑफिसातून जाता जाता, त्या म्हणाल्या, "काकू, बटाटा नको हं, कालच पेपरात आलंय," आणि भाजीऐवजी काउंटरवरच्या बरणीतले दोन खजूर-ड्रायफ्रूटचे लाडू घेऊन गेल्या, का तर त्यात साखर नाही. तो लाडू मीच वळते, चाळीस ग्रॅमचा एक, खजूर काजू बदाम आणि तूप, एकेकात दीडशेच्या वर कॅलरी आहेत. मागे रांग होती म्हणून मी गप्प बसले, ते मला अजून लागून राहिलंय.

शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण 85 कॅलरी असतात, शंभर ग्रॅम अ‍ॅव्होकाडोत 160 आणि बदामात पावणेसहाशेच्या आसपास. अ‍ॅव्होकाडो, बदाम वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही, पण 'कमी कॅलरी' या मथळ्याखाली ते कसे काय आले? बरं, एका अ‍ॅव्होकाडोच्या पैशात मार्केट यार्डातून दोन-तीन किलो बटाटे येतात. आपल्याच जिल्ह्यात सातगाव पठारावर शेतकरी पिढ्यानपिढ्या बटाटा पिकवतोय आणि आपला पेपर त्यावर फुली मारतोय.

माझी भाची आहारशास्त्र शिकते, तिनं मला सिडनी विद्यापीठाचा एक अभ्यास समजावून सांगितला. 1995 साली सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ घेतले, प्रत्येकाचा 240 कॅलरींचा वाटा लोकांना खायला दिला आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरलंय ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले, तर क्रोसाँ, म्हणजे तो लोण्याचा फ्रेंच पाव, 47 वर आणि उकडलेला बटाटा 323 वर, म्हणजे 38 पदार्थांत पहिला. आणि त्याच बटाट्याचे फ्रेंच फ्राईज 116. कारण सरळ आहे, 240 कॅलरींचे उकडलेले बटाटे म्हणजे पाव किलोच्या वर ऐवज, त्यातलं बरंचसं पाणी, पोट तेवढं भरणारच. तळला की पाणी उडतं आणि तेल आत जातं.

खरी गोम तेलातच आहे आणि तुमच्या लेखात तेलाबद्दल एक ओळ नाही. एका ग्रॅमला नऊ कॅलरी! मी पूर्वी चार किलो बटाट्याला अर्धा लिटर तेल घालायचे, पस्तीस वाट्या व्हायच्या. एकदा काट्यावर मोजून हिशोब केला तर प्रत्येक वाटीत 115-120 कॅलरी नुसत्या तेलाच्या आणि बटाट्याच्या शंभरच्या आत. तेव्हापासून निम्मं तेल, बटाटे आधी उकडून घ्यायचे, फोडणी वरून द्यायची, आणि चव गेली असं आजवर एकाही गिऱ्हाइकानं म्हटलेलं नाही.

हे मला इतकं का झोंबलं तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं वजन 81 किलो होतं, गुडघे बोलत होते, म्हणून एका डाएट क्लिनिकमध्ये पैसे भरले. तिथे छापील कागदावर बटाटा आणि भाकरी दोन्हीवर लाल पेनानं काट मारून दिली, रात्री वाटीभर सूप आणि दोन बिस्किटं. दिवसभर शेगडीपुढे उभं राहणाऱ्या बाईला वाटीभर सूप! आठव्या दिवशी रात्री साडेअकराला मी ओट्याशी उभी राहून, दिवा न लावता, फरसाणच्या डब्यात हात घालून खात होते, आणि मला रडू आलं. तिथे गेले की मलाच म्हणायचे, तुमची इच्छाशक्ती कमी पडते. भुकेला इच्छाशक्ती काय करणार?

ते सोडलं आणि भाचीच्या सांगण्यावरून दुपारी एक ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, काकडीची मोठी वाडगाभर कोशिंबीर आणि पातळ ताक, आणि रात्री दोन उकडलेले बटाटे सालासकट, दह्यात कालवून, मीठ जिरं कोथिंबीर. मधे भूक लागली तर पेरू. मटकीत प्रोटीन आहे, भाकरीत आणि पेरूत फायबर आहे, काकडी तर जवळजवळ सगळी पाणीच, त्यामुळे पोट दिवसभर शांत राहतं. सव्वा वर्षात 72 वर आले आणि फरसाणचा डबा रात्री उघडलेला नाही. सासूबाईंना शुगर आहे, त्यांचं वेगळं, त्यांना बटाटा डॉक्टरांनी सांगितला तेवढाच. पोट भरणं वेगळं आणि रक्तातली साखर वाढणं वेगळं, हा फरक तुम्ही लिहायला हवा होता, सरसकट फुली मारायला नको होती.

आणखी एक. ती चौकट फिकट हिरव्यावर पांढऱ्या अक्षरात होती, सासूबाईंना चष्मा लावूनही वाचता आली नाही, मला मोठ्यानं वाचून दाखवावी लागली. पेपर वाचणाऱ्यांत म्हातारी माणसं किती असतात याचा विचार पान लावणाऱ्यांनी करावा.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि काळ्या अक्षरात छापा ही विनंती. येत्या रविवारी आली तर फार बरं होईल, पुढच्या सोमवारीही माझ्याकडे बटाट्याचीच भाजी आहे.

आपली,
एक पोळी-भाजी केंद्रचालक, कोथरूड, पुणे